घाबरलेल्या बाईची साक्ष

आज थ्रिलरमधल्या ‘कमकुवत’ बायकांबद्दल बोलायचंय. आधीच सांगते, दोन कादंबऱ्यांमधली रहस्यं फुटणार आहेत.

पॉला हॉकिन्सची ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ २०१५ साली आली. तिची नायिका रेचेल. घटस्फोट झालाय, दारूपायी नोकरी गेलीय, आणि हे कुणाला कळू नये म्हणून ती रोज लंडनची ट्रेन पकडते. प्यायल्यावर घडलेलं तिला आठवत नाही. लग्न टिकून होतं तेव्हा नवरा टॉम सांगायचा, काल रात्री तू काय काय केलंस ते. ती माफी मागायची. एक बाई बेपत्ता होते, रेचेल पोलिसांना माहिती द्यायला जाते, तर त्यांना तिच्यात फक्त दारूडी दिसते.

अशा बाईचं थ्रिलरमध्ये सहसा दोनपैकी एक होतं. ती बळी जाते, नाहीतर अचानक वाघीण होते. इथे तिसरंच घडतं.

टॉमने तिला पटवलेलं असतं, की तू गोल्फची काठी घेऊन माझ्या अंगावर धावून आलीस. पण ती रात्र आठवायला लागते, तेव्हा तिला राग आठवत नाही, भीती आठवते. आता बघा, मारायला धावणाऱ्या माणसाला भीती कशी आठवेल? म्हणजे काठी त्याच्या हातात होती! तिची भीती हाच पुरावा ठरतो, आणि तिचा खरा प्रतिकार इथेच सुरू होतो.

‘गॅसलायटिंग’ हा शब्द ज्या नाटकावरून आला, ते पॅट्रिक हॅमिल्टनचं ‘गॅस लाइट’ १९३८ सालचं. त्यात नवऱ्याचा डाव बायकोला उलगडून सांगायला एक निवृत्त डिटेक्टिव्ह यावा लागतो. रेचेलला मात्र ते स्वतःच शोधावं लागतं.

आता कुणी म्हणेल, गिलियन फ्लिनच्या ‘गॉन गर्ल’मधली (२०१२) एमीही हेच करते की! नाही. एमी खोटी डायरी लिहून घाबरलेली बायको उभी करते आणि लोकांचा विश्वास बसतो, कारण देखणी, सोशिक बळी त्यांच्या ओळखीची असते. रेचेल खरंच घाबरलेली असते, पण तिच्या तोंडाला दारूचा वास येतो.

या दोघींना शेजारी ठेवलं, की अवघड प्रश्न समोर येतो. आपण बाईच्या दुःखावर विश्वास ठेवतो, की ते कसं दिसतं त्यावर? विचार करा, आणि कळवा.