ऑटोमॅटिक गिअर अडखळतो तेव्हा

सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानीचा घाट लागतो. आपल्या चोर्ला घाटाप्रमाणेच तोही जुन्या ऑटोमॅटिक गाडीची परीक्षा पाहतो. सौंसरच्या माझ्या मामांची चार गिअरची जुनी गाडी गेल्या मे महिन्यात याच चढणीवर अडखळू लागली. इंजिनाचा आवाज चढे, वेग मात्र वाढत नसे. सौंसर आता २०२३मध्ये झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे, पण अशा कामासाठी मामांना सर्वांनी नागपूरच सुचवले. तेथील एका गॅरेजने गाडी न पाहता, फोनवरच ‘गिअरबॉक्स खोलावा लागेल’ असे सांगितले. खर्च ऐकून घरात गाडी विकण्याची भाषा सुरू झाली.

गिअरबॉक्स खोलणे ही शेवटची पायरी होय, पहिली तेलाची. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये तेल केवळ वंगणाचे काम करीत नाही. इंजिनाची शक्ती तेच पुढे पोहोचवते आणि त्याच्याच दाबाने आतले क्लच आवळले जातात. तेल कमी झाले की दाब पडतो, क्लच घसरतात, गिअर उशिरा पडतो. तपासणीसाठी गाडी सपाट जागी व तापलेली असावी. तेलकांडी इंजिन सुरू ठेवून पाहायची की बंद करून, हे कंपनीगणिक बदलते. म्हणून गाडीची पुस्तिका आधी वाचावी. (ती बहुधा डॅशबोर्डच्या कप्प्यात कोरीच पडलेली असते.) तेल काळपट आणि जळक्या वासाचे असेल तर क्लच झिजले असण्याचा संभव मोठा. दुधाळ गुलाबी असेल तर रेडिएटरमधले पाणी आत शिरले आहे. तेव्हा गाडी मुळीच चालवू नये.

तेल ठीक असेल तर स्कॅनर लावावा. ‘पी०७००’ हा कोड बिघाड ट्रान्समिशनच्या नियंत्रणात आहे एवढेच सांगतो. नेमका दोष सोबतच्या कोडवरून कळतो. बिघडलेला सोलेनॉइड किंवा सेन्सर पुष्कळदा गिअरबॉक्स न उतरवता बदलता येतो. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहत असेल, तर तो संगणकाने स्वसंरक्षणार्थ घेतलेला पवित्राही असू शकतो. खराब स्पार्क प्लग किंवा सैल इंजिन माउंटिंग यांचे धक्केही गिअरचेच वाटतात.

२०१४मध्ये सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेल्या एएमटी गाड्यांचे गणित निराळे. त्यांत साधाच गिअरबॉक्स आणि साधीच क्लच प्लेट असते; पाय दाबायचा तेवढा यंत्राने. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरण्याची सवय ती प्लेट जाळते. प्लेट बदलल्यावर स्कॅनरने यंत्राला नवी जागा ‘शिकवावी’ लागते. हे राहून गेले तर नव्या प्लेटवरही धक्के येत राहतात.

मामांच्या गाडीत तेल कमी निघाले. कूलरच्या नळीची पकड सैल होऊन ते झिरपत होते. पकड बदलली, पुस्तिकेतल्याच प्रतीचे तेल भरले. घाट पुन्हा सुरळीत पार झाला. क्लच मात्र काही दिवस कोरडे घासले आहेत, तेव्हा त्यांचे आयुष्य किती उरले हे आता सांगता येणार नाही.

नागपूरला गाडी न्यावी लागलीच असती तर ती ओढून नेणे चूक ठरले असते. इंजिन बंद असताना तेलाचा पंप फिरत नाही आणि चाके आतले भाग कोरडेच फिरवत राहतात. पुढची चाके चालवणाऱ्या अशा गाडीची तीच चाके उचलावी लागतात, किंवा अख्खी गाडी ट्रकवर चढवावी लागते.