अंगठ्याला झेपेल ते पेन

इन्सुलिन सुरू करायचं असं डॉक्टरांनी सांगितलं की घरात चर्चा होते ती कुठलं इन्सुलिन, दिवसातून किती वेळा आणि महिन्याला खर्च किती याची. पेन कुठलं, हे सहसा कोणी विचारत नाही. केमिस्टकडे जे असतं किंवा दवाखान्यातून जे हातात पडतं, ते घरी येतं. पंचेचाळिशीतल्या माणसाचं त्यामुळे फारसं काही अडत नाही. पण सत्तरी ओलांडलेली, संधिवातानं बोटं आखडलेली, एका डोळ्याचा मोतीबिंदू अजून काढायचा राहिलेली व्यक्ती असेल, तर पेनाची निवड इन्सुलिनच्या निवडीइतकीच महत्त्वाची ठरते. इथे मी लिहितो आहे ते कार्ट्रिज बदलून वर्षानुवर्षं वापरायच्या पेनाबद्दल. संपलं की टाकून द्यायचं, भरून आलेलं पेन वेगळं.

या पेनाचं वय फार नाही. टोरोंटोत इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन माणसाला दिलं गेलं ते जानेवारी १९२२ मध्ये. पुढची साठ वर्षं कुपी आणि सिरिंज हाच मार्ग होता. सुरुवातीच्या काळात तर काचेची सिरिंज घरी उकळून घ्यावी लागे. शीला रीथ या स्कॉटिश डॉक्टर. त्यांच्या लहान मुलीला मधुमेह होता, आणि रोजची ही कसरत त्या घरातच पाहत होत्या. त्यांनी ग्लासगोतल्या सहकाऱ्यांबरोबर १९८०च्या सुमारास ‘पेनजेक्ट’ नावाचं साधन घडवलं. १९८५ मध्ये डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीचं ‘नोव्होपेन’ बाजारात आलं आणि खिशाला लावता येणारं इन्सुलिन जगभर पोचलं. आपल्याकडे बायोकॉननं ‘इन्सुपेन’ आणलं, तर सनोफीनं २०१२ मध्ये ‘ऑलस्टार’ हे खास भारतासाठी तयार केलेलं पेन.

पेनाची रचना सोपी आहे. पुढच्या अर्ध्या भागात तीन मिलिलिटरची काचेची कार्ट्रिज बसते, तिच्यात ३०० युनिट. मागच्या अर्ध्या भागात डोसची चकती, आकड्याची खिडकी आणि शेवटी बटण. चकती फिरवली की आकडा चढतो. बटण दाबलं की दांडा पुढे सरकून कार्ट्रिजमधलं रबरी बूच ढकलतो आणि तेवढंच इन्सुलिन सुईतून बाहेर येतं. सिरिंजवरच्या बारीक रेघा मोजणं, हवेचे बुडबुडे टिचकी मारून घालवणं, हे सगळं त्या चकतीनं संपवलं.

म्हाताऱ्या हाताची खरी परीक्षा त्या शेवटच्या बटणापाशी होते. बऱ्याच पेनांमध्ये डोस जितका मोठा, तितकं बटण बाहेर येतं. दहा युनिटांना काही वाटत नाही. चाळीस युनिटांना अंगठा पार ताणावा लागतो आणि तो ताण धरून बटण शेवटपर्यंत दाबावं लागतं. संधिवाताच्या अंगठ्याला ते जमत नाही. मग तो मध्येच थांबतो. बत्तीस युनिट लावलेले असतात, पोटात जातात चोवीस, आणि दुसऱ्या दिवशी साखर का वाढली म्हणून डॉक्टर डोस वाढवतात. म्हणून पेन घेताना आपला खरा डोस लावून बटण दाबून पाहावं, दोन युनिट लावून नव्हे.

नंतर खिडकी पाहावी. आकडा किती मोठा, काळ्यावर पांढरा की पांढऱ्यावर काळा, आणि संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात चष्म्याशिवाय दिसतो का. पुष्कळ जण चकतीचे ‘टक्-टक्’ आवाज मोजून डोस लावतात. ती सवय मोडायलाच हवी. वयानं ऐकू कमी येतं, मध्येच कोणी हाक मारली की मोजणी चुकते. डोस डोळ्यांनी वाचावा, कानानं मोजू नये. दिसतच नसेल तर घरातल्या कोणीतरी आकडा पाहिल्याशिवाय इंजेक्शन घेऊ नये.

एकेका पेनाची क्षमताही वेगळी. नोव्होपेन ४ मध्ये एका वेळी ६० युनिटांपर्यंत डोस लागतो, ऑलस्टारमध्ये ८० पर्यंत. नोव्होपेन एको अर्ध्या-अर्ध्या युनिटानं चालतं आणि ३० वर थांबतं. हे पेन मुख्यतः मुलांना डोळ्यांसमोर ठेवून केलेलं आहे, पण अंगानं सुकलेल्या, अर्ध्या युनिटाचाही फरक जाणवणाऱ्या आजींनाही ते सोयीचं पडतं. त्याच्या टोकाशी शेवटचा डोस किती आणि किती तासांपूर्वी घेतला, हे दाखवणारी छोटी पाटी आहे. मला विचाराल तर उतारवयात हीच सोय सर्वांत मोलाची. ‘अगं, मी सकाळचं घेतलं का गं?’ हा प्रश्न किती घरांत रोज विचारला जातो! उत्तर चुकलं आणि डोस दुसऱ्यांदा घेतला गेला, तर साखर उतरून चक्कर, पडणं, खुब्याचं हाड मोडणं, इथवर गोष्ट जाते. वृद्धांच्या बाबतीत साखर वाढण्यापेक्षा एकाएकी उतरण्याची धास्ती जास्त. म्हणूनच अनेक आजार असलेल्या ज्येष्ठांसाठी अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीए१सी चाचणीचं उद्दिष्ट आठ टक्क्यांच्या आत, असं सैल ठेवलं आहे. अशी पाटी नसलेलं पेन असेल तर भिंतीवरच्या कालनिर्णयवर प्रत्येक डोसची खूण करावी.

आता कार्ट्रिज. एका कंपनीच्या पेनात दुसऱ्या कंपनीची कार्ट्रिज घालायची नसते. ती आत गेली तरी डोस बरोबर पडेल याची खात्री नसते. म्हणजे पेन निवडताना आपण इन्सुलिनचा पुरवठाही निवडत असतो. नोव्हो नॉर्डिस्कनं २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी दवाखान्यांना मानवी इन्सुलिनची पेनं देणं थांबवलं, तेव्हा तिथल्या रुग्णांना पुन्हा कुपी-सिरिंजकडे वळावं लागलं. त्यामुळे तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी पेन घेण्याआधी गावातल्या दोन केमिस्टांना विचारावं, ‘ही कार्ट्रिज बारा महिने मिळेल ना?’

हिशेबही करून ठेवावा. सकाळी १४ आणि रात्री १० युनिट घेणाऱ्याचे दिवसाला २४ होतात. प्रत्येक इंजेक्शनाआधी दोन युनिट हवेत सोडून सुईच्या टोकाशी थेंब येतो का ते पाहायचं असतं, त्याचे चार धरले तर २८. म्हणजे एक कार्ट्रिज दहा दिवस पुरते. ते दोन युनिट वाया गेले असं समजून अनेक जण ही पायरी गाळतात. थेंब आला नाही याचा अर्थ सुई तुंबली आहे किंवा कार्ट्रिजमध्ये हवा आहे. अशा पेनानं इंजेक्शन घेतलं तर आत काय जातं याचा भरवसा नाही.

आणि एक गोष्ट अगदी ठासून सांगायची आहे. आपल्याकडे कुपीतलं मानवी इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटांचं असतं, कार्ट्रिजमधलं १०० युनिटांचं. रात्री पेन अडकलं म्हणून घरातल्यांनी जुनी लाल टोपणाची सिरिंज काढली आणि कार्ट्रिजमधून २० च्या रेघेपर्यंत इन्सुलिन ओढलं, तर ते २० नव्हे, ५० युनिट असतात. कार्ट्रिजमधून सिरिंजनं इन्सुलिन काढू नये. त्याच कंपनीचं दुसरं पेन घरात ठेवावं. पेनाची किंमत एकदाच मोजावी लागते.

सुईबद्दल थोडक्यात: चार मिलिमीटरची पुरते, लठ्ठ माणसालाही. टोचल्यावर बटण दाबून धरून दहा आकडे मोजावेत, मग सुई बाहेर काढावी. सुई पेनाला तशीच लावून ठेवली तर हवा आत जाते आणि इन्सुलिन ठिबकतं. रोज एकाच जागी टोचल्यानं पोटावर गाठी येतात आणि गाठीतलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, म्हणून दर वेळी बोटभर सरकावं. दुधाळ दिसणारं मिश्र इन्सुलिन असेल तर पेन तळव्यांत दहा वेळा घोळवावं आणि दहा वेळा वर-खाली करावं.

न उघडलेल्या कार्ट्रिज फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब. वापरात असलेलं पेन बाहेर, तीस अंशांच्या आत. बहुतेक इन्सुलिन असं चार आठवडे टिकतं. पुण्याला हिवाळ्यात ते सहज जमतं. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात खोलीतच चाळीस अंश असतात. तिथे पेन प्लास्टिकच्या डब्यात घालून तो डबा ओल्या वाळूत बसवलेल्या मडक्यात ठेवावा. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटरच्या डिकीत तर कधीच ठेवू नये.

पुष्कळ घरांत इंजेक्शन सून, मुलगा किंवा बायको देते, आणि पेन विकत घेताना तेच पुढे होतात. ‘काका, तुम्ही फिरवा, काकूंना नका देऊ,’ असं म्हणणारी सिस्टर भेटली तर तिचं ऐका. काकू माहेरी गेल्या, आजारी पडल्या, की पेन काकांच्याच हातात येणार आहे. तेव्हा घेण्याआधी त्यांनाच एक जुनी कार्ट्रिज घालू द्या, सुई बसवू द्या, त्यांचा डोस लावून उशीवर सोडू द्या. हे सगळं मदतीशिवाय जमलं तर ते पेन घ्या. नाही जमलं तर संकोच न करता दुसरं दाखवायला सांगा.