सैतानाचा करार आणि मजुरीचा पैसा

सैतानविषयक लोकसमजुती म्हणजे अज्ञानाचे अवशेष, या धारणेला मायकेल टाउसिग यांच्या ‘द डेव्हिल अँड कमॉडिटी फेटिशिझम इन साउथ अमेरिका’ (१९८०) या ग्रंथाने छेद दिला. कोलंबियातील काउका खोऱ्यात उसाच्या मळ्यांवर मजुरी करणाऱ्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांमध्ये त्यांनी एक समजूत नोंदविली. एखादा मजूर सैतानाशी गुप्त करार करतो, इतरांहून अधिक काम उरकतो आणि अधिक मजुरी मिळवितो. परंतु तो पैसा वांझ असतो. त्यातून घेतलेली जमीन पिकत नाही, जनावरे वाढत नाहीत, त्याने तोडलेल्या उसाला पुन्हा फुटवा येत नाही. पैसा चैनीतच उधळावा लागतो आणि मजूर अकाली मरतो.

या समजुतीतील अपवाद विशेष बोलके आहेत. स्वतःच्या शेतात राबणारा शेतकरी असा करार करीत नाही. स्त्रियाही सहसा करीत नाहीत, कारण त्या पैशावर मुले वाढणार नाहीत. अर्थात, सैतानाचा संबंध श्रमाशी नसून मळ्यावरील मजुरीशी आहे. मार्क्सप्रणीत उपयोगमूल्य व विनिमयमूल्य या भेदाच्या आधारे टाउसिग असे प्रतिपादन करतात की, जमीन गमावून मजुरीकडे लोटल्या गेलेल्या समाजाला भांडवली व्यवहार नैसर्गिक वाटत नाही. ती अनैसर्गिकता तो सैतानाच्या रूपकातून व्यक्त करतो. बोलिव्हियातील कथिलाच्या खाणींत कामगार ज्याला कोकाची पाने, मद्य व सिगारेट अर्पण करतात, त्या ‘तिओ’चा अर्थही ते याच दिशेने लावतात.

या मांडणीच्या मर्यादा पुढे स्पष्ट झाल्या. ऑलिव्हिया हॅरिस यांनी १९८९ मध्ये बोलिव्हियातील उत्तर पोतोसीत पैशाचे सुफलतेशी असलेले नाते दाखविले. मार्क एडेलमन यांनी १९९४ मध्ये कोस्टा रिकातील ज्या कथांची चर्चा केली, त्यांत करार करणारा मजूर नव्हे, बडा जमीनदार आहे.

हा फरक निर्णायक ठरतो. काउकातील कथा मळेवाल्यावर नव्हे, बरोबरीच्या मजुरावर आरोप करते. तिच्यात व्यवस्थेविषयीचा अविश्वास आहे, तसाच पुढे जाणाऱ्या सोबत्याला रोखणारा धाकही आहे. म्हणून अशा कथेला ‘भांडवलशाहीची समीक्षा’ म्हणण्यापूर्वी ती कोण, कोणाविषयी आणि कोणत्या कामासंबंधी सांगतो, हे तपासणे आवश्यक आहे. अन्यथा लोककथेच्या मुखातून अभ्यासकाचाच सिद्धान्त बोलू लागतो.