सेंट लुईस मुक्कामी उत्तम वाईनचा शोध

मिसिसिपीच्या पश्चिम तीरावरील सेंट लुईस हे नगर अन्हायझर-बुशच्या बिअरमुळे सर्वतोमुखी झालेले असल्याने, तेथे उत्तम वाईनची अपेक्षा धरणे प्रवाशास काहीसे धाडसाचे वाटावे हे स्वाभाविक आहे. परंतु मिसुरी नदीच्या काठाने पश्चिमेस गेल्यावर लागणारा ऑगस्टाचा इलाखा हाच १९८० साली, म्हणजे विख्यात नापा खोऱ्याच्याही आधी, अमेरिकेचे पहिले अधिकृत द्राक्षक्षेत्र म्हणून सरकारदप्तरी दाखल झाला. म्हणून वाईनची यादी हाती येताच प्रथम नॉर्टन आहे काय ते पाहावे. गडद वर्णाचे व प्रखर आम्लतेचे हे द्राक्ष मिसुरीचे राज्यद्राक्ष असून, ज्या उपाहारगृहास त्याचा पत्ताच नाही तेथील इतर शिफारशींवर विसंबण्यात अर्थ नाही, असे माझे मत. उघडलेली बाटली कधीची, हेही नि:संकोच विचारावे. चांगल्या ठिकाणी या प्रश्नाचा राग येत नाही.

‘द हिल’ या इटालियन वस्तीत तळलेली राव्हिओली आणि इटालियन वाईन यांची संगत जमते. बेंटन पार्क भागातील सिडनी स्ट्रीट कॅफेचे शेफ केविन नॅशन यांना २०१७ साली जेम्स बिअर्ड पारितोषिक लाभले. तेथे मेज आगाऊ राखून ठेवणे इष्ट. क्लेटन या उपनगरात खर्च अधिक. कायद्याने वयोमर्यादा एकवीस वर्षांची असल्यामुळे पारपत्र जवळ असावे, केस पिकलेले असले तरीही. आणि देयकावर अठरा ते वीस टक्के बक्षिसी गृहीत धरावी.