काळ्या मातीतून गाविलगडाकडे

दर्यापूरच्या पोट्ट्यांच्या पायाखाली सहसा दगड येत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातली खोल, काळी, कापसाची माती. त्यात खारपाणपट्टा, म्हणून विहिरीचं पाणी मचूळ. जमीन तळहातासारखी सपाट. पावसाने उघडीप दिली की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ उमटते. गाविलगड त्याच रेघेवर आहे.

शालेय स्पर्धांच्या दिवशी या दोन्ही गोष्टी एकत्र जमवता येतात: सकाळी मैदान, दुपारी गड.

चौदा वर्षांखालच्या गटात ६०० मीटरची शर्यत असते. ती जरूर पाहावी. चारशे मीटरच्या आखणीवर दीड फेरी. शिटी वाजली की पोरं शंभर मीटरच धावायचं असल्यासारखी सुटतात. पहिली फेरी संपेपर्यंत छाती भरून येते आणि खरी शर्यत उरलेल्या अर्ध्या फेरीत होते. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर काळी माती बुटाला लगदा होऊन चिकटते, पावलागणिक पाय जड होतो. म्हणून काही जण बूट काढून अनवाणीच धावतात. कडेला डबा धरून उभी असलेली आई ओरडते, “पय माय, पय!”

वऱ्हाडात मैदानाला जुना मान आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ची. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती.

नंबर येवो न येवो, डबा गाडीतच उघडायचा आणि अंजनगाव सुर्जी, परतवाडा असं करत चिखलदऱ्याचा घाट चढायचा. इतिहासाच्या पुस्तकातला १८०३चा डिसेंबर याच रस्त्याच्या आजूबाजूला घडला. २९ नोव्हेंबरला अकोटकडच्या अडगावला इंग्रज आणि मराठ्यांची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ला इंग्रजांचा नागपूरकर भोसल्यांशी देवगावचा तह झाला आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी याच सुर्जी अंजनगावात. महिनाभरात वऱ्हाडचं भवितव्य पालटलं. मुलांना हा तपशील गाडीतच सांगावा; गावाच्या नावाची पाटी समोर दिसते तेव्हा तारीख डोक्यात राहते.

बहमनी सुलतान अहमदशहाने १५व्या शतकात बांधलेला आणि पुढे इमादशाहीने मजबूत केलेला हा गड. दरवाजावरच्या शिल्पात दोन डोक्यांचा गंडभेरुंड हत्तींना धरून बसला आहे. मुलं तिथून हलत नाहीत, आणि त्यांना हलवूही नये. नाव मात्र सुलतानाचं नाही, डोंगरात गुरं राखणाऱ्या गवळ्यांचं.

१८०३च्या त्या डिसेंबरात या गडावर इंग्रजांच्या दोन फौजा दोन बाजूंनी आल्या. दक्षिणेला वेलस्ली, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. खरा हल्ला स्टीव्हन्सनचा, उत्तरेकडून. ७ डिसेंबरला अचलपूरहून निघालेल्या त्याच्या फौजेने सुमारे तीस मैल डोंगरातून आधी वाट केली, मग अवजड तोफा जवळजवळ सगळ्या वाटेभर हातांनी ओढून नेल्या. पोचायला १२ तारीख उजाडली. बाहेरच्या तटाला खिंडार पडलं तरी आत दुसरा तट उभाच होता. कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिड्या लावून त्यावर चढली आणि तिने आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता दरवाजापाशी पडला. गाविलगडाची गोष्ट सांगताना तट आधी चढणाऱ्याचं नाव जितकं घेतलं जातं, तितकंच हे नावही घ्यायला हवं.

सकाळी दीड फेरीत दमलेली पोर या तटाखाली उभी राहते तेव्हा मान मागे टाकून वर पाहते. तिला उंची सांगावी लागत नाही.

गड मेळघाट व्याघ्र प्रकल्पात आहे. १९७३मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. म्हणून ऊन कलायच्या आत परतायचं. दक्षिणेच्या तटावरून धुकं हटलं तर खाली वऱ्हाडची सपाटी पसरलेली दिसते. मुलं त्यात आपलं गाव शोधत बसतात. उतरताना दरवाजाच्या दगडी पायरीवर त्यांच्या बुटांचे ठसे उरलेले असतात, दर्यापूरच्या काळ्या मातीचे.