ऑइलच्या डब्यातले जस्त

इंजिनात कॅमशाफ्टचा उंचवटा टॅपेटवर दाबून घासला जातो, तिथे ऑइलचा थर अपुरा पडतो. धातूला धातू भिडतो. तरीही वर्षानुवर्षे तो भाग झिजून जात नाही, याचे मोठे श्रेय ऑइलमध्ये चिमूटभर असलेल्या एका रसायनाला आहे: झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट, म्हणजेच झेडडीडीपी. त्यात जस्त, फॉस्फरस आणि गंधक असते. 1940च्या दशकात ते आले ते बेअरिंग गंजू नये, ऑइल लवकर खराब होऊ नये म्हणून. झीज रोखण्याचा त्याचा गुण नंतर लक्षात आला, आणि आज त्याची ओळख आहे ती त्याच गुणामुळे.

उष्णता आणि दाब मिळाला की हे संयुग फुटते आणि धातूवर फॉस्फेटचा काचेसारखा लेप चढतो. जाडी साधारण 100 नॅनोमीटर. घर्षणात धातूऐवजी हा लेप झिजतो आणि ऑइलमधून पुन्हा तयार होतो. दाब वाढला की लेप झपाट्याने वाढतो, हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांच्या गटाने 2015 मध्ये अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. जिथे गरज जास्त, तिथेच संरक्षण जास्त! रसायनशास्त्रातली ही गोष्ट मला फार सुंदर वाटते.

अडचण धुराड्यात आहे. थोडे ऑइल जळतेच. त्यातला फॉस्फरस धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसतो आणि त्याला निकामी करत जातो. आपल्याकडे 1995 पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. पुढे 2004 च्या 'एपीआय एसएम' दर्जाने 5डब्ल्यू-30 सारख्या पातळ ऑइलमध्ये फॉस्फरस 0.06 ते 0.08 टक्के इतकाच ठेवला. नव्या इंजिनांना तेवढा पुरतो. अनेकांत घासणाऱ्या टॅपेटच्या जागी रोलर आले आहेत. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर जपणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांचे सपाट टॅपेट फॉस्फरस जास्त मागतात. 20डब्ल्यू-50 सारख्या जाड ऑइलला ही वरची मर्यादा लागू नाही, पण फॉस्फरस किती आहे ते उत्पादकाच्या माहितीपत्रकात तपासावे.

गॅरेजमध्ये मात्र वरून ओतायची 'अँटी-वेअर'ची बाटली गळ्यात मारली जाते. ती घेऊ नका. ऑइलमधली रसायने मोजून जुळवलेली असतात. धातूवरच्या जागेसाठी त्यांच्यातही चढाओढ असते. वरची भर हा तोल बिघडवते आणि कन्व्हर्टरवरचा भार वाढवते. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला दर्जा आणि ग्रेड डब्यावर वाचून घ्या, ऑइल वेळेवर बदला आणि बाटलीचे पैसे वाचवा.