ज्वालामुखीचे भाकीत

भोपाळ शहर बव्हंशी विंध्य पर्वताच्या वालुकाश्मावर वसले आहे. पण पश्चिमेस सीहोरच्या वाटेला लागले, की काळी माती आणि काळा पाषाण दिसू लागतो. हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हारस होय. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी तो भूकवचाच्या भेगांतून थरांवर थर पसरत गेला. येथे तो अग्नी पुन्हा प्रकटण्याचे भय नाही. त्या उष्ण स्थानावरून भारतभूमी केव्हाच उत्तरेस सरकली आहे, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात.

परंतु जेथे अग्नी अद्याप जागा आहे, तेथे तो केव्हा उसळेल? अंदमान समुद्रातील निर्मनुष्य बॅरन बेट १८३२ नंतर दीडशेहून अधिक वर्षे शांत होते; १९९१ साली ते पुन्हा धगधगू लागले. ग्रहणाची घटिका पंचांगात आधीच छापता येते, कारण सूर्यचंद्रांची गती मोजता येते. शिलारस मात्र भूमीखाली खोलवर दडलेला असतो.

तो खडक फोडीत वर चढू लागला, की लहान लहान भूकंप होतात, डोंगराचा उतार किंचित फुगतो, गंधकयुक्त वायू वाढतात. यंत्रे हे सारे टिपतात. तथापि पुष्कळदा शिलारस अर्ध्या वाटेतच थिजतो, आणि आरंभीची चिन्हे दोन्ही प्रसंगी जवळजवळ सारखीच असतात. शिवाय प्रत्येक पर्वताचा स्वभाव निराळा.

येथेच शासनाची कसोटी लागते. कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटावर १९७६ साली ७०,००० हून अधिक लोकांना कित्येक महिने घरे सोडावी लागली. मोठा उद्रेक झालाच नाही. कोलंबियातील नेवादो देल रुईझच्या धोक्याचा नकाशा १९८५ साली तयार होता. तरीही आर्मेरो हे गाव वेळीच हलविले गेले नाही. उद्रेकाने शिखरावरचे बर्फ वितळले आणि चिखलाच्या लोंढ्यांत सुमारे २३,००० माणसे दगावली. फिलिपाइन्समधील पिनातुबोच्या वेळी, १९९१ साली, इशारा वेळेवर दिला गेला आणि मानलाही गेला. हजारोंचे प्राण वाचले.

तेव्हा शास्त्राकडे निश्चित तिथी मागणे योग्य नव्हे. ते संभव किती, एवढे सांगू शकते. तेवढ्यावरून माणसे केव्हा हलवावयाची आणि त्यांची बुडालेली मजुरी कोणी भरून द्यावयाची, हे मात्र डोंगर शांत असतानाच ठरवून ठेवावे लागते.